होम सर्व्हर करायचाय? आधी डिस्क मोजा, मग डबा बघा

मागच्या महिन्यात नाशिकहून मावसभावाचा फोन, "दादा, होम सर्व्हर करायचाय, आय५ घेऊ का आय७?" (होम सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली ठेवणारा, चोवीस तास चालू असणारा पीसी, आणि आय५-आय७ हे इंटेलचे प्रोसेसर.) म्हणलं अरे आधी त्यात ठेवणार काय ते सांग. तर फोटो. मावशीच्या गूगलचं १५ जीबी भरलंय, रोज मेसेज येतोय जागा संपली म्हणून, याच्या पोराचे बारशापासूनचे व्हिडिओ तीन फोनांत विखुरलेत, आणि १ जून २०२१ ला गूगल फोटोजचं फुकट अमर्यादित बंद झालं तेव्हापासून हा नुसता "करू करू" म्हणतोय. जमलं तर घरातल्या टीव्हीवर सिनेमे, आणि घरच्या वायफायवरच्या सगळ्या फोनवरच्या बऱ्याचशा जाहिराती अडवणारं ते पाय-होल. बस, एवढंच. एवढ्यासाठी आय७ म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढण्यातला प्रकार.

त्याला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

तर पहिली गोष्ट, प्रोसेसर विसरा. खरंच विसरा. घरच्या सर्व्हरचा प्रोसेसर दिवसातले तेवीस तास झोपलेला असतो. आधी कागदावर लिहा की डेटा आत्ता किती टीबी आहे आणि वर्षाला किती वाढतो, आणि त्यासाठी किती डिस्क लागणार, मोठ्या साडेतीन इंची का छोट्या. डिस्क मोजल्या की मिनी पीसी (छोटा तयार डबा) का असेंबल (सुटे पार्ट जोडून केलेला) याचं उत्तर जवळजवळ आपोआप येतं. चार टीबीच्या आत भागत असेल तर मिनी पीसी घ्या आणि सुखी राहा. साडेतीन इंची दोन किंवा जास्त डिस्क लागणार असतील, किंवा लग्नाचे शूटिंग वगैरे करत असाल आणि दर सहा महिन्यांनी एक टीबी वाढत असेल, तर सरळ असेंबल करा, मिनीच्या नादी लागू नका. उरलेला सगळा लेख या दोन वाक्यांचं कारण आहे.

मिनी पीसीत साधारण एक एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असतो आणि एक अडीच इंची साटा (नेहमीच्या डिस्क केबलने जोडायच्या) डिस्कची जागा. काहींत एम.२ दोन. त्या अडीच इंची जागेत लोकांना वाटतं की बाजारातली पाच टीबीची पोर्टेबल डिस्क फोडून आतली डिस्क बसवू, ती बसत नाही, कारण ती १५ मिलिमीटर जाड असते आणि या डब्यांतली जागा ७ किंवा फार तर साडेनऊची, शिवाय काही पोर्टेबल डिस्कच्या बोर्डावर साटा पोर्टच नसतो, यूएसबीच थेट सोल्डर केलेलं असतं. म्हणजे तिथे एसएसडीच. आणि साडेतीन इंचीला १२ व्होल्ट लागतात, सुरू होताना एकेक डिस्क २०-२५ वॉट ओढते, मिनीच्या अडॅप्टरला ते झेपणारं नाही आणि आत तिला पॉवरची वायरही नाही. मग ती बाहेर, स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी डॉकमध्ये. बॅकअपची एक डिस्क अशी ठेवायला काहीच हरकत नाही.

पण चार डिस्कचा यूएसबी डबा घेऊन त्यावर रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून एक करायची पद्धत) करायची आयडिया कोणी दिली तर हात जोडा. मी केलंय. झेडएफएसचा पूल (अशा एकत्र बांधलेल्या डिस्क), तीन महिने मख्खन चालला, मग एका रविवारी झाडू मारताना केबलला जरा धक्का लागला आणि तीन डिस्क एकदम गायब, पूल सस्पेंड. डेटा गेला नाही, परत आला, पण तो रविवार गेला आणि बायकोचा माझ्या एकूणच "प्रोजेक्टां"वरचा विश्वास पण.

आता विजेचं बोलू, कारण इथेच खरी गंमत आहे आणि दुकानात याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. २४ तास चालणारा एक वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरले तर एक वॉट म्हणजे वर्षाला साधारण शंभर रुपये. हा आकडा डोक्यात फिट करून टाका. दहा वॉटचा डबा, हजार रुपये वर्ष. माझ्याकडे आधी जुना गेमिंग पीसी सर्व्हर म्हणून चालू होता, आय७-४७७० आणि त्यात ग्राफिक कार्ड, काही काम नसताना सत्तर वॉट खायचा. वर्षाला सात हजार! "फुकटचा" पीसी होता तो. त्यातून महावितरणचे टप्पे असे आहेत, शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्याच्या वर, आणि सर्व्हरचे युनिट तुमच्या आधीच्या वापराच्या डोक्यावर जाऊन बसतात. सत्तर वॉट म्हणजे महिन्याला ५१ युनिट. तुमचं घर अडीचशे-साठ युनिटवर असेल तर या ५१ मधले काही थेट तीनशेच्या पुढच्या महाग टप्प्यात.

वॉट मोजायला प्लगमध्ये लावायचं मीटर मिळतं, ते घ्या, पण नसेल तरी अडत नाही. जिन्याखालच्या तुमच्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ३२०० इम्प/केडब्ल्यूएच किंवा असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुका. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज पण (पंधरा मिनिटांत काही आंबत नाही), फक्त सर्व्हर चालू, आणि दोन लुकलुकांमधले सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, आले वॉट. माझ्या जुन्या पीसीला १६ सेकंद भरले, म्हणजे सत्तर. मिनी लावल्यावर खाली जाऊन उभा राहिलो तर दिवा पेटेचना, वाटलं मीटर बंद पडलं, शेजारचे काका विचारायला लागले काय रे काय शोधतोयस, आणि शंभराव्या सेकंदाला एकदा लुकलुकला. अकरा वॉट. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३६ लाखाला त्या आकड्याने भागून ११२५ च्या जागी ते घ्या.

मिनी पीसीत मुख्य दोन रस्ते. एक म्हणजे ऑफिसातून निघालेले सेकंडहँड, लोक ज्याला रिफर्बिश म्हणतात ते. कंपन्यांची लीज संपली की हे डबे ढिगाने बाहेर पडतात आणि पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाइन मिळतात. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी एम७२०क्यू किंवा एम९२०क्यू, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४ मिनी, हे सगळे आठव्या पिढीचे, यात आय५-८५००टी मिळाला तर डोळे झाकून घ्या, सहा कोअर आहेत. लेनोवोच्या या दोघांत रायझर (कार्ड बसवायची जोडपट्टी) टाकून एक पीसीआयई कार्ड पण बसतं, पुढेमागे वेगवान नेटवर्क कार्ड टाकायचं तर उपयोगी.

आठवीच पिढी का? सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ती मशीनं आता मातीमोल भावात येतायत. लिनक्सला (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम) त्याचं काही नाही, मस्त चालतं. पण सहाव्या पिढीच्या आय५ ला चारच कोअर, आणि तिला एचईव्हीसी १०-बिट व्हिडिओ (बऱ्याच नव्या सिनेमांचा फॉरमॅट) हार्डवेअरवर जमत नाही, म्हणजे टीव्हीला थेट न चालणारा असा सिनेमा लावला की जेलीफिन (घरातले सिनेमे टीव्हीला पाठवणारा प्रोग्राम) तो बदलून देताना सगळा भार प्रोसेसरवर टाकणार आणि डबा हेअर ड्रायरसारखा वाजणार. नुसतं पाय-होल आणि फोटो असेल तर घ्या स्वस्तातली. व्हिडिओ असेल तर आठवी. आणि तो शेवटचा "टी" बघून उगाच हरखू नका, टी म्हणजे जोरात चालताना ३५ वॉटचा लगाम, झोपलेला असताना टी आणि बिनटी जवळपास सारखंच खातात.

दुकानात काय बघायचं ते नीट सांगतो कारण मी इथे आपटलोय. डबा चालू करून लगेच बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा (लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०). पासवर्ड मागितला तर डबा तिथेच ठेवून चहा पिऊन घरी या, "साहेब तो निघतो" यावर जाऊ नका. तारीख २०१८ दाखवत असेल तर सीएमओएसचा सेल संपलाय, तो नाण्यासारखा सीआर२०३२, तीस-चाळीस रुपयांचं काम, घाबरू नका. अडॅप्टर ओरिजिनल आहे का बघा, डेलचं मशीन अडॅप्टर ओळखता आला नाही तर तक्रार करतं आणि प्रोसेसर हळू चालवतं, लोक मग बसतात डोकं खाजवत की एवढं स्लो का. सोबतच्या एसएसडीचे किती तास झालेत ते क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतं, पेन ड्राइव्हवर घेऊन जा. आणि झाकण उघडायला लावा! मी न उघडता घेतला, घरी आल्यावर बघतो तर अडीच इंची डिस्क बसवायची पत्र्याची चौकट पण नाही आणि ती चपटी साटा केबल पण नाही. दुकानदार म्हणे "आम्हाला असाच आला". ती चौकट आणि केबल शोधायला पंधरा दिवस आणि बाराशे रुपये.

दुसरा रस्ता म्हणजे नवा एन१०० वाला डबा. इंटेलची ही चिप २०२३ ची, चार कोअर, कागदावर ६ वॉट, आणि व्हिडिओच्या बाबतीत आय५-८५००टी पेक्षा पुढे, एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट पण डीकोड करते. फोटो, सिनेमे, पाय-होल, होम असिस्टंट (घरातले स्मार्ट दिवे-स्विच सांभाळणारा प्रोग्राम), एवढं सगळं आरामात. कमी काय आहे, तर रॅमचं चॅनल एकच, बहुतेकांत स्लॉटही एकच आणि काहींत तर रॅम बोर्डालाच चिकटवलेली, ती वाढत नाही, तेव्हा घेण्याआधी हे विचारा. आणि पीसीआयईच्या लेन (कार्ड-डिस्ककडे डेटा जायचे रस्ते) सगळ्या मिळून नऊ, त्यामुळे फार काही जोडायची स्वप्नं बघू नका. आत आधीच टाकून आलेलं विंडोज वापरू नका, कुठल्या कंपनीचा का असेना, पुसा आणि स्वतः लिनक्स टाका. वॉरंटी हा मुद्दा आहेच, बाहेरून मागवलेला डबा बिघडला तर परत पाठवायचा खर्च कोणाचा ते आधीच वाचा.

सरळ सांगायचं तर मी स्वतः सेकंडहँडच घेतो. रॅमला दोन स्लॉट, बोर्ड ऑफिसात पाच वर्षं टिकलेलं, आणि मोडला तर पार्ट मिळतात. पण ज्याला दुकानं हिंडायची नाहीत आणि आवाज अजिबात नको त्याने एन१०० घ्यावा, काही चुकत नाही.

रास्पबेरी पाय, तो तळहाताएवढा एका बोर्डाचा कॉम्प्युटर? बोर्ड, अडॅप्टर, केस, एसएसडी जोडायची हॅट असं जोडत गेलं की मिनीच्या किमतीला पोचतो. घरात जुना लॅपटॉप पडलाय? वापरा की, शिकायला तर उत्तमच, बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. फक्त चार्जिंग साठ टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर करा, आणि टचपॅड वर यायला लागला तर बॅटरी फुगलीय, त्याच दिवशी बाहेर काढा.

आता असेंबल. दुकानात "सर्व्हर" म्हणू नका, एक तर ते लाखाचं कोटेशन देतात किंवा विचारतात "भाऊ, ग्राफिक कार्ड कुठलं टाकू?" ग्राफिक कार्ड नको. आय३-१२१०० पुरे, चार कोअर आठ थ्रेड. फक्त नावाच्या शेवटी एफ नको, आय३-१२१००एफ हजार-दीड हजाराने स्वस्त दिसतो पण त्यात ग्राफिक्सच नाही, म्हणजे व्हिडिओचं सगळं मुसळ केरात. बोर्ड एच६१० चालतो, बहुतेकांवर साटा पोर्ट चार आणि एम.२ एक, आणि चाराच्या पुढे जायचं असेल तर जास्त साटा पोर्ट असलेला बोर्ड आत्ताच बघा. कॅबिनेट ही विचित्र अडचण आहे, आजकाल सगळ्या काचेच्या पेट्या, सात रंगांचे पंखे, आणि साडेतीन इंची डिस्कला जागा किती तर दोन. तुम्हाला हवीय ती जुनी, काळी, कंटाळवाणी पत्र्याची पेटी, जी दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली असते. "आतमध्ये डिस्कचे किती खण आहेत" एवढंच विचारा, आणि खणांसमोर पंखा लागतो का.

एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) काटकसर करू नका, इथे मी जरा हट्टी आहे. कॅबिनेटसोबत "फ्री" येणारं असेल तर ते दुकानदारालाच परत द्या. चार डिस्क एकदम फिरायला लागल्या की शंभरभर वॉटचा झटका बसतो, तो हलक्या एसएमपीएसला बसू नये. बऱ्या कंपनीचं ४५० वॉटचं, वीज कमी वाया घालवण्याचा ब्रॉन्झ शिक्का असलेलं, पुष्कळ झालं. ७५० घेऊ नका, मोठं एसएमपीएस तीस वॉटच्या लोडवर उलट जास्त वाया घालवतं. आणि मागची जाळी दर दिवाळीला साफ करा. माझ्या मामांच्या पीसीचं एसएमपीएस उडालं म्हणून उघडलं तर आत पाल, पूर्ण वाळलेली, दोन कॉइलच्या मधे. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने पोर्ट गंजतात, आमच्याकडे पुण्यात मे महिन्यात चाळीस डिग्री, म्हणून बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका.

डिस्क घेताना सीएमआर आहे का ते मॉडेल नंबरवरून बघून घ्या (सीएमआर आणि एसएमआर या डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती), एसएमआर डिस्क रेडमध्ये टाकली आणि एक दिवस डिस्क बदलायची वेळ आली तर रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत बांधणं, दिवसेंदिवस चालतं. ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या) रॅमच्या चर्चेत पडू नका. आणि रॅमच्या भावाचं बघूनच ठरवा, २०२५ च्या शेवटापासून असे काही वर गेलेत की रॅमसकट मिळणारा सेकंडहँड डबा आणखीच फायद्यात पडतोय. असेंबल केलेला हा चार डिस्कचा गडी निवांत असताना ४५-५० वॉट घेणार, यातला निम्मा वाटा डिस्कचा. म्हणजे वर्षाला पाच हजार. मिनीच्या पाचपट, ते खिशाला पटत असेल तरच.

डबा कुठलाही असो, लाईट जाणार आहे हे धरून चाला. बायोसमध्ये "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा "आफ्टर पॉवर फेल्युअर" असं काहीतरी असतं, ते "पॉवर ऑन" करा, नाहीतर तुम्ही ऑफिसात, लाईट आली, सर्व्हर आडवाच, आणि घरी फोन करून कोणाला तरी बटण दाबायला सांगायचं. इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर करा, दुसऱ्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि डबा रीस्टार्ट होतो. नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस मिनीला आणि राउटरला मिळून भरपूर होतो. प्लगवर चिकटपट्टी लावून "काढू नये" लिहा. हसू नका, आमच्याकडे सर्व्हर दोनदा मिक्सरसाठी बळी गेलाय.

सिस्टिमवर फार वेळ घालवत नाही. मिनीवर डेबियन (एक लिनक्स) आणि डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सोय), किंवा वेगवेगळे प्रयोग करायचे असतील तर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक मशीनं चालवणारी सिस्टिम). डिस्कवाल्या मशीनवर ओपनमीडियाव्हॉल्ट ही फायली साठवायची सिस्टिम सोपी. फोटोंना इमिच (गूगल फोटोजसारखा, पण घरच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम), आणि त्याचा डेटाबेस एसएसडीवरच ठेवा. पहिल्यांदा सगळे फोटो टाकले की ते चेहरे ओळखायला बसतं, तेव्हा डबा दिवस-दोन दिवस तापतो, बिघडला म्हणून घाबरू नका. बाहेरून बघायचं तर टेलस्केल (फोन आणि सर्व्हर खाजगी जोडणारा प्रोग्राम), कारण बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर तासन् तास घालवून हाती काही लागत नाही.

आणि बॅकअप. दोन डिस्क मिरर केल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही, फोटो चुकून डिलीट केला तर दोन्हीकडून एका क्षणात जातो. एक कॉपी त्याच घरात वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरात. माझी दुसरी कॉपी आता नाशिकला मावसभावाकडे जाते आणि त्याची पुण्याला माझ्याकडे येते, रात्री दोन वाजता, एनक्रिप्ट करून.

तर मावसभावाने शेवटी एम७२०क्यू घेतला, आय५-८५००टी, १६ जीबी, झाकण उघडायला लावून, चौकट आणि केबल मोजून. सिस्टिमला जुनी एनव्हीएमई (एम.२ खाचेतली वेगवान एसएसडी), फोटोंना दोन टीबीची एसएसडी, बॅकअपला बाहेरची डिस्क. मागच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर सगळं टाकलं, मावशीच्या फोनमधले शंभर फोटो टेस्टला चढवले, आणि म्हणलं आता प्लग काढ. "चालू असताना?" हो, चालू असताना, खरे फोटो चढवायच्या आधी एकदा होऊन जाऊदे. त्याने प्लग काढला, अर्ध्या मिनिटाने परत लावला, आणि डबा ढिम्म. बायोसमध्ये बदल केला होता पण सेव्ह न करताच बाहेर आला होता पठ्ठ्या. परत गेला, सेव्ह केलं, परत प्लग काढला, लावला. हिरवा दिवा. मिनिटभराने मागून मावशीचा आवाज, "अरे आले की रे फोटो! आता माझ्या फोनमधले काढून टाकू का?"

"नको मावशी, थांब," दोघंही एकदमच ओरडलो, "अजून पुण्याची कॉपी व्हायचीय."